रेडिओची डबल बेल

बटण दाबलं तरी गाडी चालू होईना, म्हणून अण्णा दहा मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसून राहिले. मग पुन्हा दाबलं. समोरच्या पडद्यावरचे दिवे होते तेही गेले. बत्तीस वर्षं प्रवासी बस चालवलेल्या माणसाला भाड्याची टीचभर गाडी सुरू करता येऊ नये, हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. शेवटी गाड्या भाड्याने देणाऱ्या त्या ऑफिसातली काउंटरवरची बाई बाहेर आली, खिडकीतून वाकली, तिने बटण दाबलं आणि पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडे बोट दाखवून हातानेच खूण केली, की अहो, झाली चालू. पहिल्यांदाही झालीच होती. दुसऱ्यांदा बटण दाबून अण्णांनीच ती बंद केली होती.

विजेवर चालणारी गाडी. मुलीने मोबाइलवरूनच ठरवली होती. धूर नाही, आवाज नाही, हवा खराब होत नाही, इकडे आता सगळे हीच घेतात, असं ती म्हणाली होती. अण्णांना हवेबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की आवाज नाही तर गाडीचं काय दुखतंय ते कळणार कसं? बसचं दुखणं त्यांना कानाने कळायचं. कोणता गिअर कुरकुरतोय, कोणत्या चाकाचं बेअरिंग गेलंय, हे मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आत अण्णांनी सांगितलेलं असायचं. ही गाडी म्हणजे तोंडाला कुलूप लावून बसलेला पेशंट होता.

काउंटरवरच्या बाईने आणखीही बरंच काही समजावलं. चढाला काय होतं, उताराला काय होतं, पाय उचलला की काय होतं. ती भराभर बोलत होती आणि अण्णा ‘यस, यस’ म्हणत मान डोलावत होते. त्यातलं त्यांच्या पदरात काहीही पडलं नाही. ड्रायव्हरला कुणी गाडी शिकवायची नसते हा त्यांचा जुना ताठा होता, आणि तो त्यांच्याबरोबर विमानात बसून परदेशी आला होता.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं.

अण्णा तीन महिन्यांसाठी मुलीकडे आले होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, जावई आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. सकाळी साडेसातला दार बंद व्हायचं ते संध्याकाळी सातला उघडायचं. मधल्या वेळात घरात अण्णा आणि फ्रिज. फ्रिज तरी अधूनमधून घुरघुरायचा. अण्णा खिडकीत उभे राहून खालून जाणाऱ्या बस बघायचे, कोणता ड्रायव्हर वळण कसं घेतो ते पारखायचे, आणि त्याची चूक काढून दाखवायला शेजारी कुणी नाही म्हणून परत येऊन बसायचे. मुलीने कशाला म्हणून कमी पडू दिलं नव्हतं. तिच्याकडे फक्त वेळ नव्हता, आणि ते तिलाही कळत होतं, म्हणून ती रोज संध्याकाळी जरा जास्तच हसून विचारायची, आज काय केलंत? अण्णा सांगायचे, मजेत गेला दिवस.

याच देशात, दोनशे वीस किलोमीटरवर, रेडिओ होता.

रेडिओ म्हणजे अण्णांचा कंडक्टर. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. पहाटेच्या पहिल्या गाडीला सुरू व्हायचा तो डेपोत गाडी लागेपर्यंत बंद पडायचा नाही, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. कुणाच्या पोरीचं लग्न जमलं, कुणाचा बैल हरवला, कोणत्या साहेबाची बदली झाली, सगळ्या बातम्या गाडीत चढायच्या आणि रेडिओच्या तोंडून उतरायच्या. अण्णा त्याच्या अगदी उलट. दिवसाला दहा शब्द बोलले तर डोक्यावरून पाणी. रेडिओने त्यांचं नाव ठेवलं होतं मौनीबाबा. अठरा वर्षं दोघे एकाच गाडीवर होते. ड्यूट्या बदलायच्या, साहेब बदलायचे, जोडी फुटली नाही.

मागे रेडिओ आणि पुढे अण्णा, मध्ये खचाखच माणसं. अशा वेळी बोलायचं ते बेलच्या दोरीने. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे मागचं दार लागलं, माणसं चढली, रस्ता मोकळा, निघ. दोन टोल्यांशिवाय अण्णांनी कधी गाडी हलवली नाही, आणि दोन टोले पडल्यावर कधी उभी ठेवली नाही. एकदा साहेब स्वतः खिडकीशी उभे राहून बोलत होते, तेवढ्यात डबल बेल पडली आणि अण्णा साहेबांना अर्ध्या वाक्यावर सोडून निघून गेले. त्याबद्दल त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. अण्णांनी एकच ओळ लिहिली, ‘बेल मिळाली होती.’

रेडिओ निवृत्त झाला तेव्हा डेपोत निरोपाचा कार्यक्रम झाला. हार, नारळ, भाषणं. सगळ्यांनी अण्णांना धरून उभं केलं, की जोडीदाराबद्दल दोन शब्द बोला. अण्णा उभे राहिले. खुर्चीची पाठ घट्ट धरली. पंखा फिरत होता, माणसं बघत होती, आणि अण्णांच्या घशातून हवासुद्धा निघाली नाही. ते खाली बसले. सगळे हसले, सगळ्यात मोठ्याने रेडिओच. ‘झालं बाबाचं भाषण, वाजवा टाळ्या,’ म्हणाला. अण्णाही हसले. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि ते दोन शब्द तेव्हापासून त्यांच्या घशात अडकून होते.

पुढे रेडिओची बायको गेली, मुलाने त्याला इकडे आणलं, आणि दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलाच्या घरी तीन जिने, म्हणून त्याला अशा लोकांसाठी असलेल्या एका सेवागृहात ठेवलं होतं. मुलगा फोनवर सांगायचा, काका, बाबांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. एक-दोनदा त्याने फोन रेडिओच्या कानाला लावूनही दिला. इकडून अण्णा म्हणाले, ‘हॅलो.’ तिकडून श्वास ऐकू आला. मग बराच वेळ एक न बोलणारा माणूस आणि एक बोलता न येणारा माणूस फोन धरून बसले. शेवटी मुलानेच फोन ठेवला.

मुलीकडे आल्याआल्याच अण्णांनी सांगितलं होतं, की रेडिओला भेटायचंय. मुलगी म्हणाली, जाऊ या ना. मग तिची ड्यूटी आली, मग जावयाची गाडी कामाला गेली, मग तिला ताप आला. पुढच्या शनिवारी नक्की, असं करत अकरा शनिवार गेले. सेवागृहात भेटायची वेळ शनिवारीच, दोन ते पाच. सोमवारी अण्णांचं विमान होतं. बाराव्या शनिवारीही ड्यूटी आली तेव्हा मुलगी रडवेली झाली, आणि अण्णा एकदम म्हणाले, ‘मी जातो. माझ्याकडे परवाना आहे.’ येताना त्यांनी परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आणला होता. कशाला काढताय म्हणून सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. दोघांचंही वय झालेलं. पुन्हा विमानात बसायचं अण्णांच्या गुडघ्यांना झेपणार नव्हतं आणि रेडिओ तर कुठेच जाणार नव्हता. आज भेट झाली नाही तर मग नाहीच, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंडाने म्हटलं नाही.

अण्णा येतायत असं मुलीने रेडिओच्या मुलाला फोनवर कळवलं, आणि साडेनऊला अण्णा निघाले. रस्त्याची बाजू उलटी, स्टिअरिंग उलट्या बाजूला. मुलीने चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात ‘उजवीकडून’ लिहून समोर डकवलं होतं. वळताना दिवा लावायला जावं तर काच पुसणारे दांडे फिरत. पहिल्या चौकात अण्णांनी कोरड्या काचा तीनदा पुसल्या. हॉर्न वाजवायचा नाही, इकडे ती शिवी समजतात, अशी ताकीद होती. त्यामुळे डाव्या हाताला गिअर नाही, उजव्या हाताला हॉर्न नाही आणि कानाला इंजिन नाही. नुसतं बसायचं आणि जायचं. मोबाइलमधली नकाशावाली बाई तेवढी मधून मधून सांगायची, इकडे वळा, तिकडे वळा. अण्णा तिला ‘बरं’ म्हणायचे. गाडीत त्यांच्याशी बोलणारी ती एकटीच होती.

शहर मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना लांबलचक शेतं, माणूस औषधाला नाही. त्या शांततेत अण्णांना एक गोष्ट सुचली. ते दोन शब्द जरा घोकून ठेवावेत. बसमध्ये इंजिनच्या घरघरीत त्यांना स्वतःचा आवाज कधी ऐकू आलाच नव्हता. इथे स्पष्ट आला. ‘हे बघ रेडिओ,’ ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले. आवाज म्हाताऱ्याचा होता. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुढचं वाक्य जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. नकाशावाली बाई मध्ये बोलली की थांबायचे, ती थांबली की पुढे चालू. पन्नास किलोमीटरभर अण्णा एकटे बोलत होते. बायको गेल्यापासून ते इतके कधी बोलले नव्हते.

मग घाट लागला. चढ मोठा होता आणि बॅटरीचा आकडा उन्हात बर्फ वितळावा तसा उतरत गेला. माथ्यावर पोचले तेव्हा एकतीस टक्के उरले होते आणि सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर बाकी. अण्णांच्या कपाळावर आठी आली. पण समोर उतार दिसला, चांगला चौदा किलोमीटरचा, आणि जीव भांड्यात पडला. उतार म्हणजे अण्णांचं राज्य. डिझेल बचतीसाठी त्यांना तीन वेळा प्रशस्तिपत्र मिळालं होतं, आणि त्यातलं गुपित एकच होतं. घाट लागला की गाडी न्यूट्रलवर टाकायची आणि सोडायची. नियमांत तशी सक्त मनाई होती, आणि ज्या साहेबांनी ते नियम लावले होते त्यांनीच प्रशस्तिपत्रं वाटली होती. शिवाय या गाडीला उतारावर पाय उचलला की काय व्हायचं कोण जाणे, कुणी मागून खेचल्यासारखी ती अडायची. अण्णांना वाटलं, ब्रेक चिकटतायत. त्यांनी न्यूट्रल शोधून काढला आणि टाकला. गाडी मोकळी झाली आणि जुन्या बससारखी सुसाट निघाली. वळणं घेताना अण्णांच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. रेडिओ मागे असता तर ओरडला असता, ‘बाबा, विमान नाहीये ही.’

घाट संपल्यावर बराच वेळ रस्ता पुन्हा चढाचाच होता. पंचेचाळीस किलोमीटर राहिले असताना आकडा सहावर आला आणि गाडीने पडद्यावर लाल अक्षरात काहीतरी बजावलं. वेग आपोआप कमी झाला. अण्णांच्या मागे रांग लागली, आणि गंमत म्हणजे कुणी हॉर्नही वाजवेना. कसंबसं नकाशावाल्या बाईने एका चार्जिंगच्या जागी नेऊन घातलं. दोन खांब. एक बिघडलेला, दुसऱ्याला एका म्हाताऱ्या गृहस्थाची गाडी लावलेली. दुपारचा पावणेदोनचा सुमार.

गृहस्थाची गाडी भरायला तास लागला. अण्णा उभे राहिले, बसले, उभे राहिले. मग त्यांचा नंबर आला तर खांब त्यांचं कार्ड घेईना. मुलीला फोन लावला, तो तिने तिसऱ्यांदा उचलला, आणि कामातून वेळ काढून तिकडून मोबाइलवर काहीतरी करून वीज सुरू करून दिली. ‘अण्णा, घाटात चार्जिंग वाढलं नाही का?’ तिने घाईत विचारलं. अण्णांना वाटलं, पोरगी थकलीय, काहीही बोलतेय.

पण तो म्हातारा गृहस्थ अजून गेला नव्हता. त्यालाही बहुधा घाई नव्हती किंवा घरी कुणी नव्हतं. त्याने अण्णांच्या गाडीच्या पडद्यावर मागच्या रस्त्याचं चित्र काढून दाखवलं. चढाला लाल रेघ. उताराला काहीच नाही. त्याने आपल्या गाडीतलं चित्र दाखवलं. त्यात उतारावर हिरवी रेघ होती. हात खाली नेऊन, बोट गोल फिरवून त्याने समजावलं, की चाकं फिरतात, वीज तयार होते, बॅटरी भरते. मग न्यूट्रलच्या अक्षरावर बोट ठेवून त्याने मान हलवली. उतरताना गाडी मागे खेचत होती ती त्यासाठीच. चौदा किलोमीटरचा घाट अण्णांना फुकट वीज द्यायला बसला होता आणि अण्णांनी तिला नको म्हटलं होतं. काउंटरवरची बाई सकाळी जीव तोडून हेच सांगत असणार.

अण्णा गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले. ज्या अकलेवर आयुष्यभर प्रशस्तिपत्रं घेतली, तिनेच आज घात केला होता. त्यांना स्वतःचा राग आला, आणि राग काढायलाही कुणी नव्हतं. गृहस्थाने त्यांच्या दंडावर हात ठेवला, काहीतरी म्हणाला, आणि निघून गेला.

सेवागृहाच्या दारात अण्णा पोचले तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

निळ्या कपड्यातली एक परिचारिका त्यांना लांब बोळातून आत घेऊन गेली. रेडिओ खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता, तोंड रस्त्याकडे. दोन वाजल्यापासून तो तिथेच होता, असं तिने घड्याळ दाखवून सांगितलं. अंगावरचं मांस उतरलं होतं, ओठ एका बाजूला ओघळला होता. पण डोळे तेच. त्याने अण्णांकडे बघितलं, आणि डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या मनगटावर, जिथे घड्याळ बांधायचा तिथे, बोट आपटलं. गाडी लेट.

अण्णा समोर बसले. पन्नास किलोमीटर घोकलेलं सगळं एका झटक्यात पुसून गेलं. घसा तोच, पंखाही डोक्यावर तसाच फिरत होता. अठरा वर्षं दोघांच्या वाटचं रेडिओ बोलला होता. आता बोलायची पाळी अण्णांची होती आणि त्यांना ती विद्या येत नव्हती.

‘चार्जिंग संपलं,’ अण्णा शेवटी म्हणाले.

मग त्यांनी सगळंच सांगितलं. चालू गाडी बंद केली ते, कोरड्या काचा पुसल्या ते, घाट आला आणि न्यूट्रल टाकला ते. न्यूट्रलचं ऐकल्यावर रेडिओचे खांदे हलायला लागले. चेहऱ्याची डावी बाजू हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज काहीच नव्हता. अण्णाही हसले. तेवढ्यात परिचारिका दारात आली आणि तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच वाजले होते. नियमाचा माणूस असल्यामुळे अण्णा उठले.

खुर्चीला लोखंडी दांडी होती. रेडिओने बाजूचा चमचा उचलला आणि दांडीवर एक टोला दिला.

अण्णा होते तिथे थांबले. पाय उचललेला तसाच खाली ठेवला. परिचारिका काही बोलली, अण्णांनी तिला हात जोडले आणि मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, की हा थांब म्हणतोय, मला जाता येणार नाही. तिने एकदा या म्हाताऱ्याकडे बघितलं, एकदा त्या म्हाताऱ्याकडे, आणि दहा बोटं दाखवून दार ओढून घेतलं.

त्या दहा मिनिटांत अण्णांनी रेडिओचा डावा हात हातात घेतला. तिकिटं फाडून फाडून घट्टे पडलेला अंगठा आता मऊ झाला होता.

‘मागे तू होतास,’ अण्णा म्हणाले, ‘म्हणून मला कधी मागे बघावं लागलं नाही. तेव्हा डेपोत हेच सांगायचं होतं.’

रेडिओने मान हलवली. माहीत होतं, अशी. मग दोघे नेहमीसारखे गप्प बसले, आणि ते बसणं चांगलं होतं.

निरोपाला परिचारिकेने खुर्ची ढकलत बाहेर आणली. अण्णा गाडीत बसले, पट्टा लावला, बटण दाबलं. आता कळत होतं, की ती चालू आहे. पण ते निघेनात. पुढे दोनशे वीस किलोमीटर रिकामा रस्ता, मग बंद दार, मग सोमवारचं विमान आणि तिकडे कुलूप लावलेलं घर. आरशात त्यांना दिसलं, रेडिओ खुर्ची गाडीच्या मागच्या बाजूला न्यायला खुणेने सांगतोय. परिचारिकेला कळत नव्हतं कशाला. अण्णांना कळलं. कंडक्टरची जागा मागे.

मागच्या पत्र्यावर चमचा वाजला. दोन टोले.

अण्णांचा डावा पाय क्लच शोधत हलला. क्लच नव्हताच. त्यांना राहायचं होतं, आणखी थोडं. पण दोन टोले पडल्यावर गाडी उभी ठेवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. मागचं दार लागलं होतं, रस्ता मोकळा होता. त्यांनी गाडी सोडली.

फाटकापर्यंत ते अगदी हळू गेले. मागून एक जरी टोला आला असता, तरी ते तिथल्या तिथे थांबले असते. त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि कान मागे लावले. इंजिन नाही, घरघर नाही, माणसं नाहीत. त्या गाडीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. अण्णा वळणापर्यंत ऐकत राहिले, आणि मागून बेल आली नाही.